एकॉर्नचं थालीपीठ, म्हणजे नऊ दिवस नुसतं पाणी बदलणे

आमच्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगच्या कडेला एक व्हॅली ओक आहे, बुंधा एवढा की मी आणि लेक दोघींनी हात पसरले तरी कवेत येत नाही. ऑक्टोबर लागला की गाड्यांच्या टपावर टक टक सुरू, रात्री तर कोणी खडे मारतंय असंच वाटतं. ह्या ओकच्या फळांना एकॉर्न म्हणतात. दरवर्षी सारखी फळं धरत नाहीत, एखाद्या वर्षी अगदी तुरळक आणि एखाद्या वर्षी आसपासची सगळीच झाडं एकदम अंगात आल्यासारखी फळतात. मागच्या वर्षी तसं झालं. नुसता सडा. माळी लोक यायचे, ब्लोअरने ढीग करायचे आणि कचऱ्याच्या ट्रकमधे. मला आपलं बघवायचं नाही. कोकणात वाढलेय, झाडाखाली काही पडलेलं दिसलं की हात आपोआप खाली जातो, मग बकुळीची फुलं असोत नाहीतर काजूच्या बिया.

पण खरा किडा डोक्यात घुसला तो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. आम्ही फोल्समला राहतो, सॅक्रामेंटोच्या जवळ, इथून डोंगराकडे तासाभरावर पाइन ग्रोव्ह म्हणून गाव आहे, तिथे इंडियन ग्राइंडिंग रॉक नावाचं स्टेट पार्क आहे. लेकीला शाळेत कॅलिफोर्नियाच्या मूळ लोकांवर प्रोजेक्ट होता म्हणून गेलो. जमिनीलगत एक मोठा थोरला संगमरवरी कातळ आणि त्यात खळगेच खळगे, पाटीवर आकडा होता १,१८५. मिवोक लोकांच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या त्याच जागी बसून एकॉर्न कुटले, त्याचे हे खळगे. लेक फोटो काढत होती आणि मी तिथेच उभी, कारण आमच्या गावच्या घरी पडवीत अगदी अश्शीच व्हायन आहे. आजी तिच्यात मुसळाने भात कांडायची. आमच्याकडे एक, इथे हजारावर. आणि काय गप्पा होत असतील त्या कातळावर, सासवांची उणीदुणी सगळी, असं मनात आलं. कुटायच्या आधी साली उडवायला त्यांच्याकडे चपट्या विणलेल्या टोपल्या असायच्या, म्हणजे सूपच की आपलं. शिजवायचं तेही टोपलीत. अगदी घट्ट विणलेली, पाणी न गळणारी टोपली, त्यात पाणी आणि पीठ, आणि त्यात तापवलेले दगड सोडायचे, टोपली जळू नये म्हणून ढवळत रहायचं.

घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, आपण करूया का. तो म्हणाला, तू कर, मी खाईन. हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

पार्कातून काही उचलायचं नसतं, बऱ्याच ठिकाणी नियमच आहे तसा, त्यामुळे आपल्या पार्किंगमधलाच ओक बरा. कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या सगळं घेऊन जा, उपकार होतील. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने पिशवी भरून आणली आणि तोंड बांधून गॅरेजमधे ठेवून दिली. ही पहिली चूक. चार दिवसांनी उघडली तर आत घाम, बुरशी, आणि पिशवीच्या तळाला पांढऱ्या गुबगुबीत आळ्या, शंभरेक तरी. काही भोक पाडून बाहेर येऊन फरशीवर निघालेल्या. नवऱ्याने त्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं आणि तसंच बंद केलं.

नंतर कळलं की हे एका सोंडकिड्याचं काम. मादी फळ झाडावर हिरवं असतानाच सोंडेने भोक पाडून अंडी घालते, आळी आतला गर खाते आणि फळ खाली पडलं की गोल भोक पाडून बाहेर येते नि मातीत जाते. म्हणजे गोल भोक दिसलं तर फळ सोडून द्यायचं, आतला पाहुणा जेवून गेलाय. आणि जी फळं सगळ्यात आधी पडतात त्यातली बरीचशी अशी किडकीच असतात, चांगलं फळ दुसऱ्या लाटेत पडतं. ज्याला देठाकडची टोपी घट्ट चिकटलेली आहे तेही नको, निरोगी पिकलेलं फळ टोपीतून सहज सुटतं. मग मी दोन आठवडे थांबले, परत वेचली, साधारण सहा किलो. बादलीत पाणी घेऊन ओतली, तरंगली ती फेकली, बुडाली ती ठेवली, हे तर आपण बियाण्याचं करतोच. चार किलो राहिली. ती त्याच दिवशी ट्रेमधे पसरून ओव्हनच्या सगळ्यात कमी आचेवर दार जरा उघडं ठेवून दोन तास, म्हणजे आत कोणी राहिलं असेल तर तिथेच आटोपेल, आणि मग बाल्कनीत जुन्या साडीवर उन्हात. बाल्कनीत मात्र राखण करावी लागली, खारी एक वेळ परवडल्या पण एक निळा पक्षी आहे इथे, स्क्रब जे, तो दिवसाढवळ्या येऊन एकेक उचलून न्यायचा. हे पक्षी फळं जमिनीत पुरून ठेवतात आणि काही विसरतात, त्यातून नवे ओक उगवतात. माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत पण एक पुरलेलं सापडलं. म्हणजे माझंच चोरून माझ्याच कुंडीत.

दोन आठवड्यात गर आक्रसतो, हलवलं की खुळखुळ वाजतं, तेव्हा फोडायचं. हातोडीने फोडलं तर चुरा, नटक्रॅकरमधे धरवत नाही कारण व्हॅली ओकचं फळ लांब असतं, बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं. मग आठवला अडकित्ता! सासूबाईंनी लग्नात दिलेला, पंधरा वर्षं ड्रॉवरमधे पडलेला, आमच्याकडे सुपारी कोणी खात नाही. त्याने टोकाकडून हलकी चीर द्यायची आणि उघडायचं, गर अख्खा दोन फाकांत बाहेर. तीन संध्याकाळी मी आणि लेक टीव्ही बघत हेच करत बसलो. दीड किलो गर निघाला. वरची तपकिरी पातळ साल वाळल्यामुळे हाताने चोळून सुटते, बरीचशी. सूप नाही माझ्याकडे, परातीत पाखडलं, अर्ध्या साली किचनभर. अडकित्ता दुसऱ्या दिवशी काळा पडलेला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एक गर तसाच चावून बघितला. बघू नका. पहिले दोन सेकंद बदामासारखं काहीतरी वाटतं आणि मग कच्चा काजूचा बोंडू आणि हिरडा एकत्र चावल्यासारखं, जीभ टाळूला, गाल दातांना. हे टॅनिन. ते थुंकीतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड असं कोरडं खरखरीत होतं, चहात दूध घातलं की चहाचा तुरटपणा कमी होतो तो ह्याच कारणाने, टॅनिन दुधातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. एकॉर्न तसेच खाल्ले तर पोटाला त्रास, गाईघोड्यांना तर जास्त खाल्ले तर विषबाधा होते. तर सगळी भानगड आहे ती हे टॅनिन काढायची. बाकी सगळं वेचणं, फोडणं ही नुसती हमाली.

दोन पद्धती आहेत, गरम पाण्याची आणि गार पाण्याची. गरमची झटपट होते असं वाचलं, उकळायचं, पाणी ओतायचं, परत उकळायचं. मला घाई. अर्धा किलो गराचे तुकडे केले आणि माझ्या लाडक्या लोखंडी कढईत घातले, कारण तीच मोठी. दहा मिनिटांत पाणी शाईसारखं झालं. शाईसारखं म्हणजे उपमा नाही, ती शाईच. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे ती हीच केमिस्ट्री. कढईचं सीझनिंग गेलं, गर कोळशासारखा, चमचा काळा. मग स्टीलच्या पातेल्यात बदलून आठ पाणी केली, दुपार गेली. तुरटपणा गेला हे खरं. पण वाळवून दळून भाकरी करायला घेतली तर पीठ हातात वाळूसारखं, थापलं की भेगा, उचललं की तुकडे. गरम पाण्यात स्टार्च जागच्या जागी शिजून जातो, नंतर त्याला चिकटपणा येत नाही. ते सगळं मी शेवटी खीर म्हणून गूळ घालून शिजवलं. करड्या रंगाची खीर. नवरा शब्दाचा पक्का, त्याने खाल्ली, पण दुसरी वाटी नको म्हणाला.

ह्यानंतर मी आईला फोन केला. तोपर्यंत तिला काही सांगितलं नव्हतं, कारण काय ऐकायला मिळणार ते माहीत होतं. आणि तेच मिळालं. "तिकडे दुष्काळ पडलाय का गं? खारी खातात ते तू पोरीला घालतेस?" मग मी तिला म्हटलं, अगं तू मला तान्ही असताना ओक चाटवलायस. ती म्हणाली काहीतरीच. म्हटलं बाळगुटीत मायफळ उगाळायचीस ना, ते काय आहे? तर ते फळच नाही मुळी. इराण-तुर्कस्तानाकडच्या एका ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते, तिथे झाडाला गाठ येते, ती गाठ म्हणजे मायफळ. त्यातही टॅनिनच, म्हणून तर ते तुरट. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, सहाणेवर एक-दोन वेढे देतात गं, भाकरी नाही करत त्याची.

पण तिचं कुतूहल जागं झालं ते झालंच. तिला गावाकडचे कडू करांदे आठवले. आमच्याकडे कातकरी बायका पावसाळ्यानंतर कडू कंद काढतात, चिरून उकडायचे, आणि मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, कडूपणा पाण्याबरोबर जातो. मी म्हटलं, मिवोक बायका पण ओढ्याच्या काठी वाळूत खळगा करून त्यात पीठ पसरायच्या आणि वरून पाणी सोडत रहायच्या, पीठ उडू नये म्हणून देवदारासारख्या झाडाची डहाळी धरायची आणि तिच्यावरून पाणी ओतायचं. आई म्हणाली, "बघ, म्हणजे उकळायचंच नाही. ओढा कुठे आहे तुझ्याकडे?" ओढा नाही. फ्रिज आहे.

तर दुसरा प्रयत्न, गार पाण्याचा. उरलेला किलोभर गर रात्रभर भिजवून मिक्सरमधे पाण्याबरोबर फिरवला, जाडसर, इडलीच्या रव्याएवढा. मोठ्या काचेच्या बरण्यांत एक भाग पीठ, तीन भाग पाणी, झाकण लावून हलवायचं आणि फ्रिजमधे. बाहेर ठेवलं तर आंबतं. सकाळ-संध्याकाळ वरचं चॉकलेटी पाणी ओतायचं, नवीन भरायचं, हलवायचं, ठेवायचं. एवढंच. चार बरण्या, दिवसातून दोनदा. फ्रिजचा एक अख्खा कप्पा गेला, दुधाचा कॅन दारात आडवा ठेवायची वेळ आली.

तिसऱ्या दिवशी आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं मी पाणी ओतताना. मी आपली वरचं चॉकलेटी पाणी ओतत होते आणि त्याच्या खाली एक पांढरट गढूळ थर असायचा तोही ओतत होते, घाण आहे असं समजून. आई ओरडलीच. "अगं थांब! तो चीक आहे, चीक ओततेयस तू मोरीत!"

आईचं माहेर नगरचं, दर उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर कुरडया असतातच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, गाळायचं, रात्रभर ठेवलं की चीक खाली बसतो, वरची निवळ अलगद काढायची. माझ्या बरणीत तेच चाललं होतं. तळाला जाडसर चोथा, त्यावर सायीसारखा स्टार्च, वर टॅनिनचं पाणी. लहानपणी कुरडयांच्या दिवशी परात तिरकी धरून निवळ ओतायचं काम माझंच असायचं, आणि इथे तीन दिवस सहा वेळा मी तो स्टार्च सिंकमधे सोडला. कातळ बघून व्हायन आठवली मला, पण बरणी बघून कुरडई आठवली नाही. मग आईने मला फोनवरून परत शिकवलं, हलवल्यावर लगेच ओतायचं नाही, निदान सात-आठ तास बसू द्यायचं, बरणी हळू वाकवायची, पांढरं दिसायला लागलं की थांबायचं, वाटीभर तपकिरी पाणी आत राहिलं तरी चालेल पण चीक जाता कामा नये. पाचव्या दिवसापासून पाणी चहाच्या रंगाचं, सातव्या दिवशी फिक्कं. रंगावर जायचं नाही पण, चवीवर जायचं. चिमूटभर जिभेवर ठेवून अर्धा मिनिट चघळायचं, घसा धरला तर अजून एक दिवस. माझं नवव्या दिवशी बेचव झालं, आणि बेचव झालं म्हणजे झालं.

ह्याच दरम्यान समोरच्या बिल्डिंगमधल्या कोरियन आजी झाडाखाली भेटल्या, त्या पण वेचत होत्या! त्यांना इंग्लिश थोडंच येतं, पण मी बरणीचा फोटो दाखवला तर त्यांनी माझा हातच धरला. कोरियात ह्या स्टार्चची जेली करतात, दोतोरीमुक म्हणतात. त्या पीठ फडक्यातून पिळून चोथा वेगळा काढतात आणि नुसता चीक ठेवतात. कुरडयाच ह्या, मी म्हटलं मराठीत, त्यांनी मान डोलावली. मग मला खुणेने सांगितलं की दुकानात ह्याच्या पिठाचं तयार पाकीट मिळतं, आणि हसायला लागल्या. खरंच मिळतं, कोरियन दुकानात, मी नंतर बघितलं. एवढ्या दिवसांची हमाली एका पाकिटात. पण त्या स्वतः वेचत होत्याच ना.

मग मी दोन बरण्यांचं त्यांच्यासारखं केलं, पंचाच्या फडक्यातून पिळून, चीक वेगळा. उरलेल्या दोन्हींचं सगळं एकत्रच फडक्यात बांधून चक्क्यासारखं टांगलं, मग ताटात पसरून उन्हात, नोव्हेंबरचं ऊन कसलं, शेवटी ओव्हनच. वाळल्यावर मिक्सरमधून बारीक केलं, चाळलं. किलोभर गरातून पाऊण किलोच्या आत पीठ, त्यात मी ओतलेलं गेलं ते धरून. रंग नाचणीसारखा.

मुक सोपं निघालं. एक वाटी चीक वाळवलेला, सहा वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर ढवळत रहायचं, आधी काही होतच नाही आणि मग एकदम घट्ट होऊन फुटायला लागतं, अगदी चीक शिजतो तसं. शेवटी तिळाचं तेल थोडं, डब्यात ओतून गार होऊ द्यायचं. थरथरणारी तपकिरी वडी. आजींनी वर सोया सॉस, कांद्याची पात, तिखट असं दिलं, ते छान लागलं. मी मात्र डब्यात ओतायच्या आधी वाटीभर गरमच काढून घेतलं, जिरं आणि कच्चं तेल घालून, उभ्या उभ्या. चवीला तसा सौम्यच असतो हा प्रकार, बाकी त्यात जे घालाल ते. पण तो उन्हाळ्यातल्या गच्चीचा वास जवळपास आला, जवळपास.

थालीपिठाला वाटीभर एकॉर्नचं पीठ, वाटीभर भाजणी, कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट. नुसत्या एकॉर्नचं थापून बघितलं तर जमलं, पण ग्लूटेन नाही त्यामुळे कडा तुटतात, उकड काढून घेतली की बरं. गार पाण्याचं पीठ आहे त्यामुळे चिकटतं मात्र, पहिल्यासारखी वाळू नाही. तव्यावर पडलं की भाजलेल्या चिंचोक्यासारखा वास येतो. चव शिंगाड्याच्या पिठाच्या जवळची, किंचित गोडूस, मागे कुठेतरी मातीचा सूर. लेक म्हणाली बर्न्ट पॉपकॉर्न, पण तीन खाल्ली लोण्याशी. शाळेच्या डब्यात नाही दिलं, नट अ‍ॅलर्जीवाली मुलं असतात वर्गात, आणि ह्याचंही कोणाला असू शकतं. नवऱ्याने पाच खाल्ली आणि कढईचा विषय काढला नाही.

उरलेलं पीठ फ्रीजरमधे आहे, ह्याच्यात तेल असतं त्यामुळे बाहेर ठेवलं की खवट होतं. ओल्या नारळाच्या शेजारी, वर चिठ्ठी लावलीय, नाहीतर नाचणी समजून कोणीतरी लाडू वळायचं.

आईला फोटो पाठवला. तिने झूम करून बघितला आणि फोन केला. पहिला प्रश्न, "हे उपासाला चालेल का गं?" मी म्हटलं धान्य नाही, झाडाचं फळ आहे, शिंगाडा चालतो तर हे का नाही. ती म्हणाली पण शिंगाडा आपला आहे. म्हटलं बटाटा आपला आहे का? साबुदाणा? त्यावर ती म्हणाली थांब, विचारून सांगते. दोन एकादशा झाल्या, अजून विचारतेय.